दुपारची शाळा

स्त्रीशिक्षणाचा आपल्याकडील इतिहास लिहिणारे लेखक शाळा कोणत्या साली निघाली, तिला देणगी कोणी दिली, विरोध कोणी केला आणि पहिली पदवीधर कोण झाली, याची नोंद मोठ्या साक्षेपाने करतात. परंतु जिच्या कडेवर एक मूल आहे, दुसरे पदराला लोंबकळते आहे आणि चुलीवर आधण ठेवलेले आहे, अशी बाई जर शिकली, तर ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी शिकली, घराच्या कोणत्या कोपऱ्यात बसून शिकली आणि तेवढा वेळ मूल कोणाच्या ताब्यात होते, या साध्या प्रश्नांची दाद त्या इतिहासात क्वचितच लागते. तिच्या चिकाटीचे गोडवे मात्र पुष्कळ गायिले गेले आहेत. ती चिकाटी खोटी नव्हती. पण गेल्या दीडशे वर्षांचा हा व्यवहार जरा निरखून पाहिला म्हणजे असे आढळते, की अभ्यासाची उमेद ज्या घरांत आणि ज्या संस्थांत टिकली, तेथे कोणी ना कोणी त्या बाईसाठी वेळ मुक्रर करून दिली होती आणि मुलाची काही तरी तजवीज लावली होती. जेथे यांपैकी काहीच झाले नाही, तेथे चांगल्या बुद्धीच्या बायकांच्या पाट्याही फडताळातच राहिल्या.

एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या एखाद्या मध्यम स्थितीतल्या वाड्याचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणावा. पहाटे सडा-संमार्जन आणि विहिरीचे पाणी, मग सोवळ्यातला स्वयंपाक. पुरुषमंडळींची पंगत कचेरीच्या वेळेआधी उठली पाहिजे, तिच्यामागून मुलांची, आणि सर्वांत शेवटी बायकांची. उष्टी-खरकटी काढून, चूल सारवून माजघरात टेकावयास सवड मिळे ती दीड-दोनच्या सुमारास, आणि चार वाजले न वाजले तोच निवडणे-टिपणे, दिवाबत्ती आणि रात्रीचा स्वयंपाक पुन्हा दाराशी उभा. या मधल्या दोन-अडीच तासांवरही हक्कदार कमी नव्हते: तान्ह्याला पाजून निजवायचे, वाती वळायच्या, देवळात पोथीला जायचे, आणि यांतून काही उरलेच तर पाठ टेकायची. आता याच वाड्यातील धाकटे दीर वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करीत असले, म्हणजे घराचे वळण कसे पालटे तेही पाहावे. माडीवरची खोली त्यांच्यासाठी मोकळी होई, गलका न करण्याची ताकीद पोरांना मिळे, रात्रीच्या दिव्याचे तेल कोणी मोजीत नसे, आणि परीक्षेच्या महिन्यात दूध-तुपाचा खास बंदोबस्त असे. या गृहस्थांनी उमेद कशी टिकवावी, असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. ती सगळे घर मिळून टिकवीत असे.

बाईच्या अभ्यासासाठी वेळ काढण्याचा एक जुना आणि बोलका दाखला पंडिता रमाबाईंच्या बालपणात सापडतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. मुलीला शिकविण्याचे काम पुढे लक्ष्मीबाईंकडे आले, पण संसाराच्या आणि आल्यागेल्याच्या सरबराईच्या रगाड्यात दिवसाची एकही घटका त्यांची स्वतःची नव्हती. म्हणून त्यांनी पहाट धरली. पाखरे बोलू लागत त्या वेळी अर्धवट झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन, लाडीगोडीने जागी करून त्या पाठ देत, आणि पुस्तक हाती न देता सारे तोंडी म्हणून घेत. पुढे ज्या विद्वत्तेने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, ती या पहाटेच्या वेळेवर उभी होती, आणि ही वेळ शास्त्रीबुवांच्या नव्हे तर लक्ष्मीबाईंच्या झोपेतून कापून घेतलेली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रमाबाईंवर तीच पाळी निराळ्या रीतीने आली. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या आरंभी वारले तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिकांची आणि स्त्री-वैद्यांची मागणी केली, आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला प्रयाण केले. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला; पण वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहून त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या एकीकडे संस्कृत शिकवू लागल्या व दुसरीकडे स्वतः शिकू लागल्या. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे जेवढी शाई खर्च झाली, तिचा शतांशही या गोष्टीवर झाला नाही, की परमुलखात पंचविशीतल्या या विधवेला पुस्तक उघडून बसता आले ते वाँटेजच्या भगिनी मुलीच्या सांभाळाला होत्या म्हणून. भगिनींना या सांभाळाबरोबर तिच्या आत्म्याचाही ताबा हवा होता, आणि त्यावरून पुढे खटके उडाले, तो भाग वेगळा. परंतु १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडताना शिकणारीच्या निवाऱ्याची आणि जेवणाखाणाची व्यवस्था शिक्षणाइतकीच आधी लावली पाहिजे, हे रमाबाईंना अनुभवाने ठाऊक होते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा या संदर्भात नेहमी पुढे केली जाते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, असे सांगण्याचा शिरस्ता आहे. असे झाले नसेल असे मी म्हणत नाही. पण १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत परदेशगमनाची कारणे स्वतः आनंदीबाईंनी सांगितली, तेव्हा या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हा मुद्दा त्यांनी शांतपणे मांडला होता. शोकातून संकल्प निघाला ही मांडणी ऐकणाऱ्याला सोयीची असते, कारण मग संकल्पाला घरातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हिशेब द्यावा लागत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांच्या घरची हकीकत याहून अधिक उपयोगाची. १८७३ साली अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन घरात आली आणि नवऱ्याने लगेच तिला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. या रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत या शिक्षणाचे वर्णन आले आहे. रात्री माडीवर धडा चाले आणि दिवसा माजघरात त्याची किंमत वसूल केली जाई. घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत, अबोला धरीत, आणि सून इंग्रजी वाचू लागली तेव्हा तर कहर झाला. यजमान हायकोर्टाचे पुढे न्यायाधीश होणारे, सुधारकांचे अग्रणी. तरीही माजघराच्या कारभारात त्यांचे फर्मान चालत नसे, आणि त्यांनी ते चालविण्याचा प्रयत्नही केलेला दिसत नाही. रमाबाईंच्या मांडीवर त्या वेळी मूल नव्हते, हात त्या मानाने मोकळे होते, नवरा स्वतः मास्तर होता. इतके असून जर ही स्थिती, तर ज्या घरात पाळणा हलत होता आणि नवरा उदासीन होता, त्या घरातील बाईची काय कथा! काशीबाई कानिटकरांसारखी एखादी स्त्री शाळेचे तोंड न पाहता, संसार सांभाळून मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या कादंबरीकर्तीच्या पदाला पोचली खरी, परंतु अपवादावरून वहिवाट ठरत नाही.

रमाबाईंचे मोठेपण हे, की स्वतःच्या सोसण्याचा डांगोरा न पिटता त्यांनी त्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष काढला. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले होते. त्याच नावाची संस्था १९०९ साली पुण्यास निघाली, अध्यक्षा रमाबाई आणि चिटणीस भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम त्यापूर्वी १८९६ साली निघून हिंगण्यास स्थिरावला होता, पण तेथे राहावयास जावे लागे. विधवेला ते सोयीचे, किंबहुना आवश्यकच होते, परंतु नवरा, सासू आणि तीन मुले असलेली बाई हिंगण्याला जाणार कशी? सेवासदनाने ही अडचण ओळखली आणि प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी ठेवले. आज ही बाब क्षुल्लक वाटेल. मुलांच्या शाळेची वेळ सरकारी कचेरीच्या वेळेवरून ठरली होती, आणि मुलींच्या शाळांनीही तीच उचलली होती. बाईच्या घड्याळाकडे पाहून शाळेची घंटा बांधणे हे त्या काळी नवे होते. घरची जेवणे उरकून, तान्ह्याला निजवून वा सासूच्या हवाली करून बाई यावी आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावी, असा तो बेत. शिवणाचा वर्ग जोडीला असे, आणि त्याचे महत्त्व शिवणापुरते नव्हते. सून ओनामा गिरवायला जाते हे ज्या सासूच्या गळी उतरत नसे, तिला सून पोलके बेतायला शिकते हे चालत असे, आणि एकदा उंबरा ओलांडला की सुईच्या शेजारी पाटी येण्यास फारसा विलंब लागत नसे.

अशा वर्गातील बाईचे चित्र फार उदात्त काढण्याचे कारण नाही. तिचा हात पोळपाटावर चालतो तसा पेन्सिलीवर चालत नाही. ‘क’चे गाठोडे होते, ‘ळ’ उलटा पडतो. कालचा धडा आज आठवत नाही, कारण काल रात्री पोराला ताप होता. घरी उजळणीला बसावे तर मांडीवरचे मूल पाटीवर तळहात फिरविते आणि अर्धी बाराखडी पुसून टाकते. इयत्ता चौथीचे पुस्तक एखादी एका वर्षात संपवी, एखादीला बाळंतपण आडवे येऊन तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून धरावे लागे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी बांधलेली हजेरीची आणि बढतीची पद्धत या विद्यार्थिनीला लावली, तर ती पहिल्याच तिमाहीत नापासांच्या यादीत जाणार हे उघड आहे. तिचा हुरूप टिकला तो शेजारच्या पाटावरची बाईही त्याच कारणाने मागे पडलेली असे म्हणून. घरात एकटी अडखळणारी बाई स्वतःला मंदबुद्धी ठरविते, आणि पंधराजणी एकत्र अडखळू लागल्या म्हणजे दोष पोराच्या तापाचा आहे हे त्यांचे त्यांनाच कळते.

पार्वतीबाई आठवल्यांचे उदाहरण येथे सांगावेसे वाटते, कारण त्यात बहीण ही एक संस्थाच होऊन बसली आहे. १८७० साली कोकणात देवरूखच्या जोशी घराण्यात जन्म, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. थोरली बहीण गोदूबाई ही शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई झाली होती. तिच्या आधाराने पार्वतीबाई पुण्यास आल्या आणि पंचविशी उलटल्यावर, मुलगा शाळेत जाण्याच्या वयाचा झाला असताना, त्या स्वतः अक्षरांना लागल्या. बहिणीच्या घरी घरकामाला हात द्यायचा आणि त्याच्या बदल्यात मुलाची चिंता घरावर सोडून पुस्तक धरायचे, हा दोघींमधील अलिखित करार होता असे म्हणता येईल. पुढे त्या आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, आणि इंग्रजी येत नाही ही खंत फेडण्यासाठी १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेला गेल्या व तेथे लोकांच्या घरी घरकाम करून ती भाषा शिकल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात आत्मगौरवाचा लवलेश नाही, हे त्या पुस्तकाचे मला सर्वांत मोठे भूषण वाटते.

कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले तेव्हा मराठी माध्यम, गृहशास्त्रासारखे विषय आणि ‘गृहीतागमा’ ही पदवी यांवर विद्वानांनी बरीच टीका केली. विद्यापीठाचा दर्जा हलका पडेल ही भीती अगदीच निराधार होती असे नाही, आणि स्त्रियांना निराळा अभ्यासक्रम कशाला, हा आक्षेप तर आजही ऐकून घेण्यासारखा आहे. परंतु त्या विद्यापीठाच्या नियमांत एक कलम असे होते, की त्याचे मोल टीकाकारांच्या फारसे ध्यानात आले नाही: कॉलेजात नाव न घालता, घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाखांच्या देणगीने १९२० नंतर विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, १९३६ साली त्याचे ठाणे मुंबईस हलले, स्वातंत्र्यानंतर कायद्याने मान्यताही आली; पण गावोगावच्या विवाहित शिक्षिकांना आणि गृहिणींना त्याच्याशी बांधून ठेवले ते या कलमाने. बाहेरून परीक्षेला बसणे ही पुढे मराठी घरांतील एक सर्वपरिचित रीतच झाली. दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरणारी बाई आजही तालुक्याच्या गावी भेटते, आणि तो फॉर्म भरताना तिला दाखला काढायला नेणारा बहुधा तिचा थोरला मुलगाच असतो.

यानंतरचा पट मोठा आहे, पण बराचसा सरकारी असल्यामुळे तो थोडक्यात आटोपता येईल. खेर मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ साली मुंबईत साक्षरतेची मोहीम झाली आणि वर्ग चाळींतून भरू लागले; १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, आणि चावडीत नाही तर देवळात, कंदिलाच्या उजेडात, पोरे मांडीवर घेऊन बायका बसू लागल्या. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरवाचा समारंभ होई. या मोहिमेत अक्षरे कळलेल्या पुष्कळ जणी वाचावयास काही न मिळाल्याने काही वर्षांत ती विसरल्या, हेही नमूद केले पाहिजे. समारंभाची तारीख ठरविणे सोपे, समारंभानंतरच्या दुपारींची तरतूद करणे कठीण. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आले आणि त्याच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाने शाळा अर्धवट सुटलेल्या बाईलाही पदवीचा दरवाजा उघडून दिला. त्याच्या अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी वर्ग असतात; सुटीच्या दिवशी नवरा घरी असतो, आणि मूल त्याच्याकडे ठेवता येते. ठेवले जाते की नाही, हा घराघराचा प्रश्न.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून तेथे येतात, आणि वर्ग भरतो तो दुपारी दोन ते चार. वर्तमानपत्रांनी या शाळेची छायाचित्रे कौतुकाने छापली, आणि कौतुक करण्यासारखे ते आहेच. परंतु या स्त्रियांना पाटी मिळाली ती मुले वाढवून, नातवंडे शाळेत घालून, सगळी देणी फिटल्यानंतर, ही वस्तुस्थिती त्या छायाचित्रांत उतरत नाही. नातवंडे आता त्यांचा गृहपाठ तपासतात.

आता मूल कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे खरे उत्तर थोडे अप्रिय आहे. सासू, नणंद, विधवा आत्या यांनी ते सांभाळले. पण सर्वांत अधिक सांभाळले ते घरातल्या थोरल्या मुलीने. आई वर्गाला गेली काय किंवा मजुरीला गेली काय, धाकटे भावंड तिच्याच कडेवर. आणि कडेवर भावंड असलेल्या मुलीला शाळा घेत नसे. म्हणजे एका पिढीची दुपार दुसऱ्या पिढीच्या सकाळीतून भागविली जात होती. ही गोष्ट ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली आणि तिच्यावर इलाज केला, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. १९५७ साली त्या डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत का टिकत नाहीत याची चौकशी करता असे निघाले, की मुलगे गुरे राखतात आणि मुली भावंडे. मुलग्यांसाठी गुरांमागे कुरणात जाणारी कुरणशाळा निघाली. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकींना लागून ठेवण्यात आल्या. थोरलीने यावे, कडेवरचे पोर पाळणाघरात द्यावे, मधले बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. मधल्या सुटीत पोराला बघून येण्याइतके ते जवळ होते. ताराबाईंनी या व्यवस्थेला विकासवाडी म्हटले.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव आणि तिची कल्पना यांचा देशभर स्वीकार झाला, आणि आज लाखो अंगणवाड्या चालतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तेथे बसता येते, गाणी आणि खाऊ मिळतो. तीन वर्षांखालच्याला पोषण आहार मिळतो, लस टोचली जाते, वजन घेतले जाते, आणि मग त्याला परत घरी न्यावे लागते. कोसबाडच्या आवारातील तीन खोल्यांपैकी दोनच खोल्या सरकारी योजनेच्या वाट्याला आल्या. पाळणाघर मागे राहिले. त्या वयाच्या मुलाची आई आज मोबाइलवर स्पर्धापरीक्षेचा किंवा नर्सिंगचा अभ्यास करीत असली, तरी तिची वेळ रात्री साडेदहाच्या पुढची आहे, आणि दिवसा ते मूल अजून बऱ्याच गावांत थोरलीकडेच असते.